रीफ टाकीतली सूक्ष्म मूलद्रव्यं : बाटली उघडण्याआधी

स्टुटगार्टमधल्या आमच्या घरात सात वर्षांपासून समुद्राचं पाणी आहे. तीनशे लिटरची काचेची टाकी, खाली संप (पाणी गाळणारी जोडटाकी), आत दोन क्लाउनफिश, एक रॉयल ग्रामा मासा आणि तीसेक पोवळी. मी मालवणचा, त्यामुळे खाऱ्या पाण्याची ओढ जुनीच. पण समुद्राकाठी वाढलेल्या माणसालाही समुद्राचं पाणी म्हणजे नेमकं काय, हे टाकी सांभाळायला लागल्यावरच कळतं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझ्या फांद्यांच्या पोवळ्यांची कातडी बुडापासून सुटायला लागली. खालचा पांढरा सांगाडा उघडा पडायचा आणि ती पांढरी रेघ रोज थोडी वर सरकायची. "ट्रेस कमी पडत असतील," असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. ट्रेस म्हणजे पाण्यात अगदी बारीक मात्रेत असणारी सूक्ष्म मूलद्रव्यं. मी ती सगळी एकत्र केलेली बाटली आणली आणि दर आठवड्याला झाकणभर ओतू लागलो. पोवळी आणखी वेगाने गेली. पाच दगावल्यावर एकदाचं पाणी प्रयोगशाळेत पाठवलं. अहवाल आला तेव्हा निकेल लिटरमागे २१ मायक्रोग्रॅम होतं आणि तांबं १४. कमी म्हणावं असं काहीच नव्हतं. टाकी उपसून एकेक वस्तू तपासली, तेव्हा टाकीत प्रवाह उठवणाऱ्या वेव्ह पंपाच्या लोहचुंबकावरच्या प्लास्टिकला केसाएवढी चीर गेलेली दिसली. आतलं चुंबक गंजून फुगलं होतं. असल्या चुंबकांवर निकेल आणि तांब्याचा मुलामा असतो, तो माझ्या टाकीत महिनोन्‌महिने विरघळत होता.

ती पाच पोवळी आजही डोळ्यांसमोर येतात, म्हणूनच हे लिहायला घेतलं. नव्या माणसाला वाटतं की सूक्ष्म मूलद्रव्यांचा प्रश्न म्हणजे काय घालायचं याचा प्रश्न. पण पहिली दोन वर्षं तो बहुतेक वेळा नको ते काय शिरलं याचा प्रश्न असतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच. हा लेख परदेशात राहून रीतसर वाढवलेली पोवळी पाळणाऱ्यांसाठी आहे. भारतात पोवळ्यांना कायद्याचं संरक्षण आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणारी सगळी कठीण पोवळी, काळी पोवळी, समुद्रपंखे वगैरेंचा समावेश आहे. सुट्टीत मालवणला गेलात तर किनाऱ्यावर पडलेला पोवळ्याचा तुकडाही पिशवीत घालू नका. महाराष्ट्रात राहून खाऱ्या पाण्याचे फक्त मासे पाळत असाल, तर खालच्या पहिल्या तीन पायऱ्या वाचल्यात तरी पुरे. माशांच्या टाकीत चांगलं सॉल्ट मिक्स (समुद्राचं पाणी बनवायचं तयार मीठ) आणि नियमित पाणीबदल एवढ्यावर काम भागतं.

आधी हे जमवा

- आरओ संच, त्याला शेवटी डीआय रेझिनचा (उरलेले क्षार धरणाऱ्या मण्यांचा) टप्पा, आणि विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर
- खारेपणा पाहायला रिफ्रॅक्टोमीटर किंवा वाहकता मोजणारा मीटर, आणि ३५ च्या खारेपणाचं (किलोमागे ३५ ग्रॅम क्षार) प्रमाणित द्रावण
- केएच (पाण्यातली कार्बोनेटची क्षारता), कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट आणि फॉस्फेटची टेस्ट किट
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा
- सुई नसलेल्या १ आणि १० मिलिच्या सिरिंज
- पाण्यातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या आयसीपी चाचणीचा संच, म्हणजे प्रयोगशाळेच्या रिकाम्या नळ्या आणि नोंदणी क्रमांक
- एक वही

वही शेवटी लिहिली, पण आणायची पहिली.

१. आकड्यांची ओळख करून घ्या

समुद्राचा खारेपणा ३५ धरला, तर एका लिटरमध्ये साधारण इतकं असतं : कॅल्शियम ४१० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२९०, पोटॅशियम ४००, ब्रोमाइड ६७, स्ट्रॉन्शियम ८, बोरॉन साडेचार, फ्लोराइड १.३. ही मिलिग्रॅमची मंडळी. आपण सैलपणे सगळ्यांनाच ट्रेस म्हणतो, पण खरी सूक्ष्म मूलद्रव्यं याच्या खाली, मायक्रोग्रॅममध्ये सुरू होतात. लिथियम सुमारे १७० ते १८०, आयोडीन ६०, मॉलिब्डेनम १० ते १२, व्हॅनेडियम दोनच्या आसपास, निकेल अर्ध्याच्या जवळ, तांबं त्याहूनही कमी. लोह तर खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावर एका मायक्रोग्रॅमपेक्षा खूपच कमी असतं.

एक मायक्रोग्रॅम प्रतिलिटर म्हणजे किती? उन्हाळ्यात आपल्या गावात येणारा दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर आठवा. असे शंभर टँकर ओळीने उभे करा आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम पदार्थ विरघळवा. इतकं. हे चित्र डोक्यात बसलं की "झाकणभर घाला" या सल्ल्याची भीती वाटायला लागते.

इथला सापळा एककांचा आहे. अहवालात काही ओळी मिलिग्रॅममध्ये असतात, काही मायक्रोग्रॅममध्ये, आणि दोन प्रयोगशाळांची पद्धत सारखी असेलच असं नाही. आयोडीन एकीकडे ०.०६ दिसेल, दुसरीकडे ६०. दोन्ही एकच. हजारपटीची चूक करायला एका अक्षराकडे दुर्लक्ष पुरतं. मी प्रत्येक अहवाल हाती आला की सगळे आकडे स्वतःच्या हाताने एकाच एककात वहीत उतरवतो.

२. खारेपणा आधी, बाकी सगळं नंतर

१८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर या ब्रिटिश जहाजाने जगभरच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने गोळा केले. त्यांतले ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ मध्ये दाखवून दिलं की समुद्र कुठलाही असो, मुख्य क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळजवळ बदलत नाही. पाणी कमी-जास्त होतं, प्रमाण तेच राहतं.

आपल्या कामाचा भाग असा : खारेपणा ३५ ऐवजी ३३ असेल तर सगळेच आकडे साधारण सहा टक्क्यांनी खाली दिसणार. कॅल्शियम ३८७, मॅग्नेशियम १२१६, पोटॅशियम ३७७, स्ट्रॉन्शियम साडेसात. नवा माणूस हे पाहून चार बाटल्या विकत घेतो. खरं तर त्याला एकही लागत नाही. पुढच्या काही दिवसांत टाकीत भर घालताना पाणी थोडं जास्त खारं केलं की चारही आकडे आपापल्या जागी येतात.

रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून निर्धास्त राहू नका. बरेच स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात आणि समुद्राच्या पाण्यावर चुकतात. ते ३५ च्या प्रमाणित द्रावणावरच लावून घ्या, महिन्यातून एकदा. विशिष्ट गुरुत्व पाहत असाल तर २५ अंश तापमानाला ३५ म्हणजे १.०२६४.

३. गोडं पाणी आणि मीठ

जर्मनीत नळाचं पाणी सरळ पितात, आणि ते चांगलंच असतं. पण पिण्याच्या पाण्यात तांब्याची मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम आहे. आपल्या शरीराला तेवढं चालतं. कोळंब्या, शंख, पोवळी यांना दहा-वीस मायक्रोग्रॅमवरच त्रास सुरू होऊ शकतो. त्यात इथल्या असंख्य इमारतींमधले नळ तांब्याचे, आणि रात्रभर नळात साचलेल्या पाण्यात ते जास्त उतरतं. सकाळी आरओ सुरू करण्याआधी नळ दोन-तीन मिनिटं मोकळा सोडा. ते पाणी झाडांना घालता येतं.

टीडीएस मीटर शून्य दाखवतोय म्हणजे पाणी शुद्ध, हा समज मी बरीच वर्षं बाळगला. डीआय रेझिन थकायला लागलं की सगळ्यात आधी सिलिका निसटते, आणि ती पाण्यात जवळजवळ विजेचा भार न घेता राहत असल्याने वाहकतेवर चालणाऱ्या मीटरला दिसतच नाही. काचेवर तपकिरी थर पुन्हा पुन्हा येत असेल आणि मीटर शून्यावर असेल तर रेझिन बदलून पाहा. म्हणूनच आयसीपीला पाठवताना टाकीच्या पाण्याबरोबर आरओच्या पाण्याचाही नमुना पाठवावा. बऱ्याच संचांत त्यासाठी वेगळी नळी असतेच.

"मिठागरातलं खडे मीठ चालेल का? तेही समुद्राचंच ना?" हा प्रश्न मला घरून हमखास येतो. उत्तर नाही, आणि कारण आपल्याच मिठागरांत आहे. पाणी आटत जातं तसे क्षार एकामागून एक खाली बसतात. आधी चुना, मग जिप्सम, त्यानंतर मीठ. आगरी माणूस मीठ ओढून घेतो आणि जे कडवट पाणी उरतं त्यात मॅग्नेशियम, पोटॅशियम, ब्रोमाइड राहून जातं. म्हणजे मिठागरातलं मीठ हा समुद्राचा एक तुकडा आहे, समुद्र नव्हे. स्वयंपाकाच्या मिठात तर वरून आयोडेट आणि गुठळ्या न होऊ देणारे पदार्थ घातलेले असतात. रीफसाठी बनवलेलं सॉल्ट मिक्सच वापरा, आणि मिश्रणाची बादली उघडण्याआधी लोळवून घ्या. वाहतुकीत जड-हलके कण वेगळे होतात.

४. पहिले चार-सहा महिने काहीही घालू नका

नव्या टाकीत पोवळी थोडी, वापर थोडा. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदला, एवढंच.

पाणीबदलाचं गणित एकदा समजून घ्या, पुढे खूप निर्णय सोपे होतात. आठवड्याला १० टक्के बदलत असाल तर एखाद्या घटकाची तूट वाढत वाढत आठवड्याच्या वापराच्या साधारण दहापटीवर येऊन थांबते. तिथे पाणीबदल जेवढं परत देतो तेवढंच टाकी खाते. स्ट्रॉन्शियम आठवड्याला ०.०५ मिलिग्रॅमने घटत असेल तर तूट अर्ध्या मिलिग्रॅमवर स्थिरावेल, आणि त्याने पोवळ्यांचं काही बिघडत नाही. पण कॅल्शियम आठवड्याला २० मिलिग्रॅमने जात असेल तर तूट दोनशेची. तिथे पाणीबदल पुरणार नाही, रोजचा डोस लागणारच. कुठला घटक पाणीबदलावर सोडायचा आणि कुठला हातात घ्यायचा, हे या एका हिशोबाने ठरतं.

केएच, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्थिर झाल्याशिवाय सूक्ष्म मूलद्रव्यांच्या वाटेला जाऊ नका. केएच ७ ते ९ च्या मध्ये कुठेही चालतं, पण आज ७ आणि परवा ९ असं चालत नाही. पोवळं सांगाडा बांधताना केएचचे २.८ अंश वापरतं तेव्हा सोबत कॅल्शियमचे सुमारे २० मिलिग्रॅम जातात. तुमच्या नोंदी या प्रमाणाच्या आसपास नसतील तर आधी टेस्ट किटवर संशय घ्या.

५. नमुना कसा भरायचा

आयसीपीत नमुन्याचे तुषार अनेक हजार अंश तापलेल्या आर्गॉनच्या प्लाझ्मात सोडतात. तिथे प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या रंगलहरी फेकतं, त्या मोजून प्रमाण काढतात. हा ओईएस प्रकार. एमएस प्रकारात अणूंचं वस्तुमान मोजलं जातं, तो अधिक संवेदनशील आणि अर्थात महाग. आयोडीन आणि अगदी कमी मात्रेतले धातू यांच्यासाठी एमएस जास्त भरवशाचं. जर्मनीत ट्रायटन, फाउना मरीन, एटीआय अशी अनेक नावं या चाचण्या देतात. एक निवडा आणि वर्षभर तीच ठेवा, कारण तुलना आपल्याच जुन्या अहवालाशी करायची असते.

इतकं संवेदनशील यंत्र तुमच्या बोटावरचं क्रीमही पकडतं, त्यामुळे :

- आदल्या २४ तासांत काही घालू नका, पाणी बदलू नका, खडक हलवू नका.
- हात साबणाने धुऊन भरपूर पाण्याखाली धरा. सनस्क्रीन आणि पावडरमध्ये जस्त असू शकतं.
- नळी टाकीच्याच पाण्याने तीनदा विसळून ते पाणी बाहेर टाका, टाकीत परत नको.
- पृष्ठभागावरची साय टाळून, हातभर खालून पाणी घ्या. सिरिंज वापरलीत तर नवीन.
- काचेची बाटली चालणार नाही. काचेतून सिलिकॉन आणि बोरॉन उतरतं.
- टाकीची आणि आरओची नळी अदलाबदल होऊ देऊ नका. झाकणावर नाही, नळीवर लिहा.
- सोमवारी पोस्टात टाका. शुक्रवारी टाकलेली नळी शनिवार-रविवार कुठेतरी पडून राहते.

त्याच दिवशी घरच्या किटने केएच, नायट्रेट आणि खारेपणा मोजून वहीत लिहा. प्रवासात केएच आणि नायट्रेट बदलतात, त्यांच्याबाबत घरचा ताजा आकडा जास्त खरा.

६. अहवाल वाचण्याचा क्रम

अहवाल आला की नजर लाल खुणांकडे धावते. ती आवरा आणि या क्रमाने वाचा.

आधी खारेपणा. तो चुकला असेल तर बाकी सगळं त्या प्रमाणात वाकडं, आणि तो सुधारेपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही.

मग कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम. हे तुमच्या घरच्या किटशी जुळतात का ते पाहा. नाही जुळले तर किटची मुदत तपासा.

मग, कमी काय आहे ते पाहण्याआधी, नको ते काय आहे ते पाहा. तांबं, निकेल, जस्त, कथील, ॲल्युमिनियम, शिसं, क्रोमियम.

सगळ्यात शेवटी कमी पडलेल्या मूलद्रव्यांची यादी. इथे "०" दिसलं तर घाबरू नका. त्याचा अर्थ यंत्राला दिसलं नाही, इतकाच. लोह, कोबाल्ट, मँगनीज यांची समुद्रातली नैसर्गिक मात्राच बऱ्याच यंत्रांच्या नजरेखाली असते. शून्य पाहून लोह ओतत सुटलात तर पोवळ्यांआधी शेवाळ आनंदित होईल.

अहवाल फॉस्फरस देतो, तुमचं किट फॉस्फेट. फॉस्फरसला ३.०७ ने गुणलं की फॉस्फेट मिळतं. अहवालातला आकडा थोडा जास्त निघतो, कारण त्यात सेंद्रिय पदार्थांत अडकलेला फॉस्फरसही धरलेला असतो.

आणि एक मर्यादा लक्षात असू द्या. आयसीपी किती ते सांगते, कोणत्या रूपात ते सांगत नाही. तांबं मोकळं आहे की सेंद्रिय पदार्थाला बांधलेलं, आयोडीन आयोडाइड आहे की आयोडेट, हे त्या आकड्यात नसतं. १५ तांबं असलेल्या दोन टाक्यांत पोवळ्यांची अवस्था वेगळी असू शकते ती यामुळेच. म्हणून अहवाल हातात घेऊन टाकीसमोर बसा. पोवळी उघडलेली आहेत, टोकं वाढताहेत, रंग भरलेला आहे, तर एका लाल खुणेसाठी टाकी ढवळून काढू नका.

७. नको ते सापडलं तर

आधी उगम शोधा. उगम आत असेपर्यंत पाणी बदलणं म्हणजे भोक बंद न करता होडी उपसणं.

निकेल, तांबं, लोह एकत्र वाढलेले दिसले तर चुंबकं : वेव्ह पंपाचं, काच पुसायचं, फ्रॅग रॅकचं (पोवळ्यांचे तुकडे ठेवायच्या फळीचं). प्रत्येक काढून कोरडं करा, उजेडात धरा, चीर, फुगवटा, तपकिरी डाग शोधा. संशय आला तरी बदला. क्रोमियम आणि निकेल असेल तर स्टीलचे क्लॅम्प, हीटरच्या पट्टीचे स्क्रू, संपावरच्या दिव्याचे स्क्रू. "स्टेनलेस" या शब्दावर खाऱ्या पाण्यात विसंबू नका. फक्त तांबं किंवा तांबं-जस्त असेल तर पितळी जोडणी, आणि आरओच्या नमुन्यातही ते आहे का ते पाहा. कथील बहुधा नव्या नळ्या-पाइपांच्या प्लास्टिकमधून येतं. ॲल्युमिनियम काही सिरॅमिक माध्यमांतून आणि ॲल्युमिनियमवर आधारित फॉस्फेट शोषकांतून. लिथियम वाढलेलं पुष्कळदा सॉल्ट मिक्समधूनच आलेलं असतं आणि त्याची काळजी कमी करावी.

माशांच्या पांढऱ्या डागांवरचं तांब्याचं औषध रीफ टाकीत कधीही घालू नये. त्याची उपचाराची मात्राच अपृष्ठवंशी प्राण्यांना मारणारी आहे. आजारी मासा वेगळ्या टाकीत न्या. आणि जुनी टाकी घेताना तिच्यात पूर्वी तांब्याचं औषध वापरलं होतं का हे विचारा. खडक आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि पुढे सोडत राहतात.

उगम काढल्यावर पाणीबदल. १० टक्क्यांचे दहा बदल केले तर घाणीचा ३५ टक्के भाग उरतो. ३० टक्क्यांचे तीन बदल केले तरी साधारण तेवढाच. पाणी जवळपास तितकंच लागतं, पण पोवळ्यांना दहा आठवडे विषात काढावे लागत नाहीत. नव्या पाण्याचं तापमान, खारेपणा आणि केएच जुळवून चार-पाच दिवसांच्या अंतराने तीन बदल, हे मी केलं. सोबत ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि जड धातू धरणारं रेझिन ठेवलं. दीड महिन्याने निकेल ३ वर आलं होतं, आणि वाचलेल्या पोवळ्यांची कातडी खाली सरकून पांढरा भाग झाकायला लागली होती.

८. खरोखर कमी असेल तर

सूत्र एकच : (हवं ते उणे आहे ते) गुणिले टाकीतलं खरं पाणी.

खरं पाणी म्हणजे टाकीवर छापलेले लिटर नव्हेत. खडक आणि वाळू जागा खातात, संप अर्धाच भरलेला असतो. माझ्या तीनशे लिटरच्या टाकीत संपासकट २५० लिटर पाणी आहे. टाकी पहिल्यांदा भरताना बादल्या मोजा, तो आकडा पुन्हा मिळत नाही.

पोटॅशियम ३५० आहे, ४०० हवं. ५० गुणिले २५० म्हणजे १२.५ ग्रॅम पोटॅशियम. पोटॅशियम क्लोराइडमध्ये ते ५२ टक्के असतं, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम पावडर, आरओच्या पाण्यात विरघळवून पाच दिवसांत विभागून. झिओलाइट (पाणी गाळायचे सच्छिद्र खडे) वापरणाऱ्यांनी पोटॅशियमवर खास लक्ष ठेवावं, ते तिथे अडकतं.

स्ट्रॉन्शियम ६ आहे, ८ हवं. २ गुणिले २५० म्हणजे अर्धा ग्रॅम. स्ट्रॉन्शियम क्लोराइड बाजारात बहुधा सहा रेणू पाण्यासकट येतं, त्यात स्ट्रॉन्शियम ३३ टक्के, म्हणजे दीड ग्रॅम पावडर. पाण्याविना असलेल्या कोरड्या प्रकारात ते ५५ टक्के असतं. डबीवरचं पूर्ण नाव न वाचता मोजलंत तर दीडपटीहून जास्त पडेल. पावडर शुद्ध प्रतीची घ्या. तांत्रिक प्रतीच्या क्षारांतून नको ते धातू पुन्हा आत येतात आणि तुम्ही पुन्हा सातव्या पायरीवर.

आयोडीनबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त टाक्या इथे दुखावतात. ते वेगाने घटतं. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), कार्बन, शेवाळ, जिवाणू सगळे ते उचलतात. त्यामुळे ते कमी दिसणं खरंच साधारण आहे. पण मात्रा पाहा. ल्युगॉल म्हणजे आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण. त्याच्या ५ टक्के प्रकाराच्या मिलिलिटरमध्ये दोन्हींतलं मिळून सुमारे १२६ मिलिग्रॅम आयोडीन असतं, म्हणजे एका थेंबात सहाहून अधिक. हा एक थेंब शंभर लिटर पाण्यात पडला तर ६३ मायक्रोग्रॅमने पातळी वाढते. समुद्रात आहे तेवढं सगळं, एका थेंबात!

माझ्या टाकीत आयोडीन ३० होतं, ६० हवं होतं. ३० गुणिले २५० म्हणजे साडेसात मिलिग्रॅम, जेमतेम सव्वा थेंब. सव्वा थेंब कोण मोजणार? म्हणून १ मिलि ल्युगॉल ९९ मिलि आरओच्या पाण्यात मिसळून गडद बाटलीत ठेवा. आता मिलिलिटरमागे १.२६ मिलिग्रॅम झालं. रोज एक मिलि, सहा दिवस, प्रवाह जोरात असेल तिथे. मग थांबा आणि पुन्हा मोजा. बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि तिच्यावर मराठीत, जर्मनमध्ये, घरात जी भाषा वाचली जाते तीत लिहा.

बोरॉन आणि फ्लोराइड थोडे कमी असतील तर मी पाणीबदलावरच सोडतो. लोह आणि मँगनीज पोवळ्यांच्या आतल्या शैवालाला प्रकाशसंश्लेषणासाठी लागतात, पण त्यांची मात्रा इतकी बारीक की पहिल्या दोन वर्षांत हात न लावलेलाच बरा. माशांच्या खाण्यातून थोडंफार येतच असतं.

एका वेळी एकच घटक बदला. तीन बाटल्या एकदम सुरू केल्यात आणि पोवळी सुधारली, तरी कशामुळे हे तुम्हाला कधीच कळणार नाही. बिघडली तरी नाही.

९. पुन्हा चाचणी, आणि वही

दुरुस्ती केल्यावर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा नमुना. सगळं सुरळीत असेल तर वर्षातून तीन-चार चाचण्या पुरतात. वहीत तारीख, घातलेला पदार्थ, मात्रा, केएच आणि पोवळ्यांबद्दल एक ओळ. नवीन वस्तू टाकीत गेली की तीही लिहा : नवा पंप, नवी नळी, नवं सॉल्ट मिक्स, शोषकाची नवी पिशवी. माझा चुंबक सापडायला चार महिने लागले, कारण तो पंप कधी लावला हेच मला आठवत नव्हतं.

१०. गणपतीला किंवा मे महिन्यात घरी जाताना

आपल्यातले बहुतेक जण वर्षातून एकदा तीन-चार आठवडे गावी जातात आणि टाकी शेजाऱ्यांच्या हवाली होते. जाण्याआधी पाणी बदला, केएच आणि कॅल्शियमचे डबे काठोकाठ भरा, आरओच्या भरपाईचा डबा भरा. सूक्ष्म मूलद्रव्यांचा डोस मात्र पूर्ण बंद करून जा. त्यांच्याविना महिना निघतो. ल्युगॉल आणि बाकीच्या बाटल्या कपाटात कुलूपबंद करा, कारण पोवळं जरा मिटलेलं दिसलं की मायेपोटी कुणीही काहीतरी घालतं. शेजाऱ्यांसाठी खाण्याच्या एकेका दिवसाच्या पुड्या बांधून ठेवा, पंप बंद पडला तर कुठला प्लग काढून लावायचा हे चिठ्ठीत लिहा, आणि टाकीचा रोज एक फोटो पाठवायला सांगा. पांढऱ्या दिव्यात, एकाच जागेवरून.